एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा बास्केटबॉल

माझं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं, पण ऑपरेशनची घाई केली नाही. आधी सूज उतरवली. पाय पूर्ण सरळ होईपर्यंत आणि मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळता येईपर्यंत थांबले. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडलेलाच राहण्याचा धोका असतो. याच काळात चांगल्या पायाची ताकद मशीनवर मोजून लिहून ठेवली.

ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा, गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) घेतला. त्यानं गुडघे टेकून बसताना जास्त दुखतं. पण हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूचा) घेतला तर नव्या लिगामेंटला साथ देणारा स्नायूच कमजोर होतो, आणि धावता धावता थांबायच्या खेळात मला तो हवा होता.

पहिले 2 आठवडे एकच ध्यास: गुडघा सरळ. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, 10 मिनिटं, दिवसातून 5-6 वेळा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि नेमकं तेच नडतं. गुडघा वाकलेलाच आखडतो, चालताना लंगडणं राहतं, मांडी भरत नाही. झोपून पाय सरळ उचलताना गुडघा जराही वाकत असेल तर कुबड्या सोडू नयेत.

सगळ्यात फसवा काळ 6 ते 12 आठवड्यांचा. दुखणं बरंच गेलेलं असतं, पण ग्राफ्ट आतून नव्यानं घडत असतो आणि तेव्हाच तो सर्वांत कच्चा असतो. या दिवसांत बॉल घेतला तो फक्त खुर्चीत बसून शूटिंगसाठी, मनगट आणि कोपर एका रेषेत राहावं म्हणून. व्यायामाचं वजन सुजेवर ठरवलं: रोज सकाळी वाटीच्या मध्यावर टेप, घेर 1 सेंटिमीटरनं वाढला की त्या दिवशी वजन कमी.

चौथ्या महिन्यात, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या 70 टक्क्यांवर गेल्यावर, धावणं. मग उडीवरून उतरणं, आणि ते मी पहिल्यापासून शिकले. महिला खेळाडूंचं एसीएल पुरुषांपेक्षा जास्त तुटतं, तेही बहुतेकदा गुडघ्याला थेट धक्का न लागता, उतरताना किंवा दिशा बदलताना गुडघा आत कोसळून. म्हणून 30 सेंटिमीटरच्या खोक्यावरून उतरायचं, समोरून व्हिडिओ काढायचा आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का ते बघायचं. धप्प आवाज आला तर गुडघा आणि कंबर पुरेशी वाकली नाही.

शेवटी एका पायावरच्या उड्या आणि मांडीची ताकद, दोन्हींत चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के. नुसत्या उड्यांवर विसंबू नये. घोटा आणि कंबर कमजोर मांडीची उणीव झाकतात. शिवाय एवढ्या महिन्यांत चांगला पायही कमजोर झालेला असतो, म्हणून तुलना ऑपरेशनआधीच्या आकड्याशी केली. आणि आकडे जुळले तरी 9 महिन्यांआधी सामना नाही. लवकर उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जास्त असतं.

कोर्टवर आधी एकटीचा ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकणं), मग बचाव करणारी ठरलेल्या बाजूनं, मग कुठूनही. एकास एक, तीनास तीन, पाचास पाच. रिबाउंडची, म्हणजे हुकलेला बॉल पकडायची, गर्दी सगळ्यात शेवटी, कारण तिथे कुणाच्या पायावर उतरू याचा नेम नसतो. पहिल्या सामन्यात 4-4 मिनिटांचे तुकडे खेळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेप लावली.