आमची वाटचाल : पाईपातला काळा गाळ आणि आमची तेलाची भट्टी

नमस्कार मंडळी, बरेच जण फोनवर विचारतात की तुम्ही गवती चहाचं तेल काढणारी माणसं, मग पाईपलाईन गंजू नये म्हणूनच्या कामात कशी आलात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय.

भट्टी बाबांची, रत्नागिरी जिल्ह्यात. गवती चहा आणि दालचिनीची पानं. इकडे नारळ-सुपारीच्या बागांत कोकण तेज जातीची दालचिनी बरीच आहे, साल काढली की पानं तिथेच कुजायची, ती आम्ही आणायचो. तेल साबणवाले नि उदबत्तीवाले घ्यायचे, भाव ते म्हणतील तो.

ओळखीच्या एका कारखान्यात फायर लाईनला (आग विझवायच्या पाण्याचे पाईप) सारखी बारीक भोकं पडायची, वेल्डर पॅच मारून गेला की थोड्या महिन्यांत शेजारी दुसरं. एकदा मी गेलो तेव्हा पाईप कापून ठेवलेला. आत तांबूस गाठी. स्क्रू ड्रायव्हरने एक गाठ उडवली तर खाली काळा गाळ, वास कुजक्या अंड्याचा, आणि गाळ पुसल्यावर खड्डा एकदम चकचकीत. नुसत्या गंजाला असा वास येत नाही हो. हे जिवाणूंचं काम, डिसल्फोव्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद, यांना हवा लागत नाही, साचलेल्या पाण्यात बुळबुळीत थराखाली बसून सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात आणि खालचं लोखंड खड्डे पडत झिजतं. जमिनीत पुरलेले बिडाचे पाईप असे का खराब होतात ते हॉलंडमध्ये फॉन वोल्झोगेन क्यूर आणि फान डर फ्लुग्ट यांनी १९३४ सालीच मांडलं होतं.

मला आठवलं ते आमचं पिंप. तेल वेगळं झाल्यावर उरलेलं अर्कपाणी ज्यात जातं ते कधी बुळबुळीत होत नाही, बोअरच्या पाण्याचं मात्र आठ दिवसांत होतं! दालचिनीच्या पानाच्या तेलात युजेनॉल मुख्य, गवती चहात सिट्राल ७० ते ८०%, दोन्ही जिवाणूच्या पेशीचं आवरण सैल करतात आणि आतला ऐवज बाहेर गळतो.

पहिली ट्रायल साफ फसली. तेल लाईनच्या पाण्यात तसंच ओतलं, ते वर तरंगत राहिलं आणि तळ काळाच. मग इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) घालून दुधासारखं केलं तर सांध्यातली रबरी गास्केट फुगली, ती बदलून दिली आमच्या खर्चाने, तो महिना फार जड गेला. पुढे डोस कमी केला, लोखंडाच्या पट्ट्या वजन करून लाईनमध्ये लटकवायला लागलो, तीन महिन्यांनी काढून धुवून परत वजन, मिलिग्रॅमपर्यंत. साध्या पाण्यातल्या पट्टीवर खड्डे, आमचं तेल घातलेल्या पाण्यातली जवळजवळ नव्यासारखी. ती पट्टी बाबांनी हातात धरून किती वेळ बघितली.

आता आम्ही बंद लाईनचीच कामं घेतो, म्हणजे फायर लाईन, चिल्ड वॉटर (एसीच्या थंड पाण्याची लाईन), टेस्टिंगनंतर पाणी भरून ठेवलेल्या टाक्या. कूलिंग टॉवरला सरळ नाही म्हणतो, पंख्याच्या हवेने तेल उडून जातं आणि गिऱ्हाइकाचे पैसेही. आधीचा गाळ खरवडून काढला नसेल तरी तेल टाकत नाही, कारण थराखाली ते पोचतच नाही. ग्लुटारल्डिहाइड या जंतू मारायच्या रसायनापेक्षा आमचा माल महाग पडतो हे पहिल्याच फोनला सांगतो, पण ते रसायन हाताळताना कामगारांचे डोळे चुरचुरतात ते मी पाहिलंय. आमचंही तेल कातडीला झोंबतं, हातमोजे घालायलाच लावतो.

आणि पानं आता बागेत कुजत नाहीत, किलोवर पैसे देऊन घेतो.