जोडीतली बाळं
आज दुपारभर धुळ्यात पंख्याखाली नंदुरबारच्या कुपोषण पाहणीचे फॉर्म घेऊन बसले. एक कुपोषित बाळ, त्याच पाड्यावरचं त्याच वयाचं एक धडधाकट बाळ, अशा जोड्या. मागे मी प्रत्येक जोडीला डमी (ती जोडी ओळखणारा ०-१ चा रकाना) देऊन साधं लॉजिस्टिक (हो-नाही उत्तरांचं संख्याशास्त्रीय गणित) चालवलं होतं. एकास एक जोडीत त्यामुळे खऱ्या ऑड्स रेशोचा (एखाद्या कारणाने कुपोषणाची शक्यता किती पट होते, त्या गुणोत्तराचा) चक्क वर्ग, म्हणजे त्यालाच त्याने गुणलेला आकडा, हाती येतो! आज आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉजिट, म्हणजे जोडीतल्या जोडीतच तुलना करणारं लॉजिस्टिक, लावलं, स्ट्राटामध्ये (गटाच्या जागी) जोडी क्रमांक दिला, आकडा जमिनीवर आला.

पण दोन्ही घरी पाणी झऱ्याचंच असेल, तर पाण्याच्या प्रश्नावर ती जोडी काहीच बोलत नाही. जीव हळहळला. त्या प्रत्येक फॉर्मसाठी आशाताई सातपुड्याची चढण चढल्यात. एका फॉर्मवर अजून पावसाचा डाग आहे. वयाचा परिणाम तर काढताच येणार नाही, जोडीच वयावर लावलीय.

आता भरीत आणि कळण्याची भाकरी, मग पुन्हा पडताळणी.