तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी कंपनी कधी आणताय?

मी नेब्रास्कातल्या एका ग्रामीण काउंटीच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑफिसात, म्हणजे धंदे आणि नोकऱ्या वाढवायचं काम बघणाऱ्या ऑफिसात, काम करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग मोठी कंपनी कधी आणताय?" शिकागोतले मित्र विचारतात, पुण्याहून फोनवर मावशी विचारते आणि पेट्रोल भरताना भेटलेले इथले शेतकरीही विचारतात. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी काउंटी म्हणजे काय ते. राज्याच्या खालचा कारभाराचा तुकडा, आपल्याकडचा तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी समजा. नेब्रास्कात अशा 93 काउंट्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माणसांपेक्षा गुरं जास्त. आम्ही इथे आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो डॉक्टर, जे-1 या शिक्षणासाठीच्या व्हिसावर शिकलेला, आणि कॉनराड 30 नावाची एक सोय आहे की जिथे डॉक्टर कमी आहेत तिथे तीन वर्षं पूर्णवेळ काम केलं तर मायदेशी दोन वर्षं परत जायची अट माफ होते. दर राज्याला वर्षाला अशा 30 जागा. तीन वर्षं काढू आणि शहरात जाऊ असं ठरवून आलेलो, पण राहिलो. का राहिलो त्याचं उत्तर आणि माझ्या कामाचं उत्तर जवळपास एकच आहे, पण त्याकडे नंतर येते.

मोठी कंपनी आणा हा हट्ट नवा नाही. 1936 साली मिसिसिपीत ह्यू व्हाइट गव्हर्नर असताना तिथल्या सरकारने कायदाच केला, गावांनी बाँड काढून पैसे उभे करायचे, त्यातून कारखान्याची इमारत बांधायची आणि बाहेरच्या कंपनीला द्यायची. शेतीवर सगळा भार नको, जोडीला उद्योग हवा, हा विचार चांगलाच होता, लोक उपाशी होते तेव्हा. पण तिथून जी शर्यत लागली ती आजपर्यंत थांबली नाही. हे गाव दहा वर्षं टॅक्स माफ करतं म्हटल्यावर ते पंधरा करतं, हे जमीन स्वस्तात देतं तर ते फुकट देतं वर रस्ताही करून देतं. विस्कॉन्सिनमध्ये 2017 ला फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीसाठी राज्याने जवळपास 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या, 13 हजार नोकऱ्या येणार म्हणून, आणि 2021 ला तोच करार बदलून 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलरवर आणावा लागला. तोपर्यंत शेतं घेऊन झालेली, रस्ते रुंद करून झालेले, लोकांची घरं गेलेली.

आणि कंपनी आली, टिकली, भरभराट झाली तरी दुसरा धोका असतोच. शेजारच्या आयोवात न्यूटन म्हणून गाव आहे, मेटॅग वॉशिंग मशीनचं गाव. कंपनी 1893 ची, म्हणजे पिढ्यान्पिढ्या लोक तिथेच कामाला, मुख्य ऑफिसही तिथेच. 2006 ला व्हर्लपूलने ती विकत घेतली आणि 2007 ला तिथला कारखाना बंद. गावाने हार मानली नाही, पवनचक्कीची पाती बनवणारी कंपनी आणली, 2008 ला ती सुरू झाली, आणि 2021 च्या शेवटी तिनेही काम बंद केलं. यात गावाची काय चूक सांगा? निर्णय घेणारी माणसं त्या गावात राहत नव्हती, एवढंच. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

म्हणून मी कंपन्यांच्या मागे कमी धावते आणि इथे आधीपासून जे धंदे आहेत त्यांच्या दारात जास्त जाते. आमच्या भाषेत याला रिटेन्शन व्हिजिट म्हणतात, पण असतं साधंच, जायचं, बसायचं, ऐकायचं आणि शेवटी विचारायचं की तुमचं काम कुठे अडतंय. इतक्या लहान ठिकाणी नव्या नोकऱ्या येतात त्या अशाच, इथे दोन, तिथे चार, आणि पेपरात कधी छापूनही येत नाही.

एक उदाहरण जवळून सांगते, नाव नाही सांगत. एक मशीन शॉप आहे, शेतीच्या अवजारांचे सुटे भाग बनवतं, वेल्डिंग, दोन सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी, आणि चौदा माणसं. मालक सदुसष्ट वर्षांचे. पहिल्यांदा गेले तेव्हा फेब्रुवारी होता, आत हीटर धडधडत होता आणि ते हातमोजे न काढताच बोलत होते. भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डवर ऑर्डरी लिहिलेल्या, पार जूनपर्यंतच्या, आणि जूनच्या पुढे बोर्ड कोरा. मला वाटलं काम कमी झालंय. तसं विचारलं तर म्हणाले, काम भरपूर आहे, मीच पुढचं घेत नाहीये, गुडघे राहिले नाहीत. मुलगी डेन्व्हरला, तिला यात रस नाही. विकत घ्यायला एक जण आला होता, पण त्याला मशीनं हवी होती, उचलून दुसऱ्या राज्यात न्यायला. तेवढ्यात मागे काम करणाऱ्या एकाने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ती नजर मी विसरले नाही.

त्याला मी नंतर एकट्याला गाठलं. अठरा वर्षं तिथेच कामाला, सगळे गिऱ्हाईक ओळखीचे, सगळी मशीनं तोच दुरुस्त करतो. शॉप घ्यावंसं वाटतं का विचारलं तर म्हणाला, माझ्यासारख्याला बँक कशाला विचारेल. म्हणजे त्याने बँकेत पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं! मग आमचं खरं काम सुरू झालं. धंदा मालकाकडून पूर्ण विकत घ्यायचा असेल तर एसबीए, म्हणजे लहान धंद्यांसाठीचं केंद्राचं खातं, त्याच्या हमीच्या कर्जात साधारण किमान 10 टक्के स्वतःचे घालावे लागतात, ते त्याने घराच्या बचतीतून कसेबसे उभे केले. मालकांनी किमतीतला काही भाग हप्त्याने घ्यायचं कबूल केलं, त्यांना एकदम पैसे नकोच होते, शॉप इथे राहायला हवं होतं. तरी मधे एक खड्डा राहत होता. त्यासाठी आमच्या भागात फिरत्या कर्जाचा फंड आहे. यूएसडीए, म्हणजे केंद्राचं शेतीखातं, स्थानिक संस्थेला 1 टक्का व्याजाने 30 वर्षांपर्यंत पैसे देतं, ती संस्था ते लहान धंद्यांना कर्ज देते, परत आले की दुसऱ्याला. अनुदान नाही, कर्जच आहे, आणि म्हणूनच मला आवडतं, कारण एकाने फेडलेला पैसा शेजाऱ्याच्या कामाला येतो. सगळं जुळायला चौदा महिने लागले. शेकड्यांनी कागद, हिशेबाची पाच वर्षांची पुस्तकं, त्यातली दोन एका शूबॉक्समध्ये. युनिव्हर्सिटीच्या बिझनेस सल्ला केंद्रातली माणसं आली, फुकट सल्ला देतात ती, त्यांनी आकडे मांडून दिले. चौदा नोकऱ्या वाचल्या. नवी एकही आली नाही, त्यामुळे रिपोर्टच्या फॉर्ममध्ये "नव्या नोकऱ्या" या रकान्यात मी शून्य लिहिलं, आणि तरी माझ्या इथल्या सगळ्या वर्षांतलं ते सगळ्यात मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं. लहान गावांमधले कितीतरी मालक आता साठी-सत्तरीचे आहेत, त्यातला प्रत्येक धंदा वारस नाही म्हणून बंद पडला तर कुठलीही मोठी कंपनी आणून ते भोक बुजणार नाही.

दुसरं एक अडणं आहे ते ऐकून लोक चकित होतात, डेकेअर. काउंटीत माणसं मिळत नाहीत असं प्रत्येक मालक सांगतो. मिळत नाहीत कारण लहान मुलं सांभाळायला जागा नाही. आमच्याकडे एक जण रात्रपाळीची नर्स, तिने नोकरी सोडली ती पगारासाठी नाही, बाळाला ठेवायचं कुठे म्हणून. डेकेअर चालवणं परवडतही नाही, एका माणसाने किती बाळं सांभाळायची याची मर्यादा असते आणि असायलाच हवी, पण मग खर्च निघत नाही. आम्ही शेवटी चर्चच्या तळमजल्याचं भाडं, दोन मालकांची वर्गणी आणि काउंटीची थोडी मदत असं करून एक सुरू केलं. औद्योगिक विकास म्हणजे पाळणे विकत घेणं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. घरांचंही तसंच आहे, भाड्याने घरच मिळत नाही तर नवा शिक्षक राहणार कुठे, पण त्यावर लिहायला बसले तर दुसरा लेख होईल.

पैसे कुठून येतात हेही लोक विचारतात. केंद्राकडून येतात, राज्याकडून येतात, पण जवळपास प्रत्येक ग्रँटला मॅच लागते, म्हणजे तुमचा वाटा आधी टेबलावर ठेवा. तो वाटा नसलेल्या गावांना अर्जही करता येत नाही, आणि सगळ्यात गरज त्यांनाच असते, याचा मला राग येतो. नेब्रास्कात 1991 पासून कायदा आहे की गावाने मत देऊन ठरवलं तर स्थानिक टॅक्सचे पैसे धंदे वाढवायला वापरता येतात. ऑर्ड नावाचं जेमतेम 2 हजार वस्तीचं गाव आहे, व्हॅली काउंटीत, त्यांनी हे करून दाखवलं. लोकांनी स्वतःवर सेल्स टॅक्स लावून घेतला, गाव, काउंटी आणि व्यापारी मंडळ यांनी एकत्र माणूस नेमला, लहान धंद्यांना कर्जं दिली, तरुणांना परत बोलावलं. शिवाय त्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट ओळखली, की म्हातारा शेतकरी गेला की जमिनीची किंमत लांबच्या शहरातल्या मुलांकडे जाते आणि गावातून कायमची निघून जाते, तेव्हा त्यातला थोडा भाग मृत्युपत्रातून गावाच्या निधीला द्या. श्रीमंती आहेच इथे, ती वाहून जातेय, असं कुणीतरी आकडे मांडून सांगायला लागलं.

मोठ्या कंपनीला माझा विरोध आहे असं समजू नका. उद्या कुणी आलंच तर पाणी, सीवर, वीज, जमिनीचे कागद तयार असायला हवेत, आणि ते आम्ही करतोय. फक्त हीच सोय आधी इथल्या माणसाला मिळावी असं माझं म्हणणं असतं, आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये मी ते दर वेळी म्हणते, काही जणांना कंटाळा येईपर्यंत.

आम्ही का राहिलो ते सांगायचं राहिलं. पहिल्या हिवाळ्यात मी घरात एकटी बसून असायचे, तेव्हा शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, तुम्हाला काय येतं? कशा आहात असं नाही, काय येतं. मी म्हटलं हिशेब येतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला गावच्या लायब्ररीच्या हिशेबाला बसवलं, आणि तिथून पुढे सगळं.

मशीन शॉपचा नवा मालक परवा फोनवर होता. त्याला तिसरं सीएनसी घ्यायचंय, पण त्याच्या रस्त्याला सिंगल फेजचीच लाइन आहे. दोन मशीनं तो फेज कन्व्हर्टरवर, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करून देणाऱ्या यंत्रावर, चालवतोय, तिसरं त्यावर झेपणार नाही, आणि थ्री फेज आणायची तर लाइन लांबवण्याचा खर्च त्याच्या अंगावर येतो. इथली वीज सरकारी मालकीची आहे, अख्ख्या राज्यातच, त्यामुळे बोलायला माणूस तरी जवळचाच सापडतो. वाटेत अजून दोन धंदे आहेत, एक धान्य वाळवणारा आणि एक जण ट्रेलर बनवणारा, तिघांनी मिळून खर्च वाटून घेतला तर जमेल का बघायचंय. गुरुवारी सकाळी सात वाजता तिघांना त्याच्या शॉपमध्ये बोलावलंय. भिंतीवरचा ऑर्डरींचा बोर्ड आता ऑक्टोबरपर्यंत भरलाय म्हणाला.