डाव्या हाताची सवय

आयुष्यभर मारुती चालवलेला माणूस पहिल्यांदा माझ्या फोक्सवॅगन पोलोत बसतो आणि शंकरनगर चौकात उजवीकडे वळायला निघतो, तेव्हा भर उन्हात काचेवर वायपर फिरू लागतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असते. जर्मन गाड्यांत ती डावीकडे असते आणि उजवीकडे वायपरची दांडी असते, आणि भारतासाठी स्टिअरिंग उजवीकडे आणले तरी ही दांडी त्यांनी डावीकडेच राहू दिली. त्यामुळे ज्या हाताने गिअर बदलायचा, त्याच हाताने इंडिकेटरही द्यावा लागतो. चार-आठ दिवस चुकते, मग हात शिकतो, आणि एकदा शिकला की दुसऱ्या गाडीत बसल्यावरही तो डावीकडेच जातो. आम्ही काही मंडळी जर्मन गाड्यांच्या आठवणी सांगायला बसतो, तेव्हा वेगाच्या आणि अश्वशक्तीच्या गोष्टी थोड्याच निघतात. बहुतेक आठवणी अशा हाताने, पायाने आणि कानाने जपलेल्या असतात. त्या कुठेतरी लिहून ठेवाव्यात असे गेला हिवाळाभर मनात होते.

हिवाळा म्हणण्याचे कारण असे, की आमचे जमणे डिसेंबर-जानेवारीतच होते. रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास फुटाळा तलावाच्या काठी सात-आठ गाड्या येतात, बॉनेट उघडली जातात, एकमेकांच्या इंजिनांवर हात ठेवून ऊब घेतली जाते आणि ऊन वर आले की सगळे तर्री पोह्यांकडे वळतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा या गाड्यांना आणि त्यांच्या मालकांना सावलीत राहू द्यावे हेच बरे.

माझी सुरुवात बाबांच्या ओपेल अ‍ॅस्ट्रापासून झाली. बाबा वीज मंडळात अभियंता होते. २००१ साली त्यांच्या पुण्याच्या एका सहकाऱ्याने चार वर्षे वापरलेली अ‍ॅस्ट्रा विकायला काढली, आणि तोवर प्रीमियर पद्मिनीशिवाय दुसरी गाडी न चालवलेल्या बाबांनी ती घेतली. ओपेल ही जर्मनीतल्या रुसेल्सहाइमची कंपनी. १८६२ साली अ‍ॅडम ओपेलने ती शिवणयंत्रे बनवण्यासाठी काढली, १८९९ पासून ती मोटारी बनवू लागली आणि १९२९ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली. भारतात तिची अ‍ॅस्ट्रा १९९६ साली गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. बाबांना हा इतिहास तोंडपाठ होता. शिवणयंत्राचा भाग ते आईला पुन्हा पुन्हा सांगत, कारण आई या खरेदीच्या विरोधात होती आणि शिवणयंत्र ही तिची आवडती वस्तू होती.

गाडी आणायला बाबा आणि मी पुण्याला गेलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पहाटे चारला निघालो, नगर झाले, तेव्हाचे औरंगाबाद झाले, जालना मागे पडले. तोवर बाबांनी गाडी साठच्या पुढे फारशी नेलीच नव्हती. पद्मिनीत साठ ओलांडले की दारे खडखडू लागत आणि बोलायचे असेल तर आवाज चढवावा लागे, त्या आवाजावरूनच त्यांना वेग कळत असे. सिंदखेडराजाच्या अलीकडे एक लांब सरळ पट्टा लागला. बाबा माझ्याशी नेहमीच्या आवाजात माझ्या कॉलेजविषयी बोलत होते, आणि मी सहज काट्याकडे पाहिले तर तो शंभरावर होता. मी ते सांगितल्यावर त्यांनी आधी काट्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे, आणि हळूहळू पाय उचलला. वेग वाढला तरी ही गाडी रस्त्याला घट्ट धरून राहते, हे आम्हा दोघांना त्या क्षणी एकदमच कळले. पुढचे दहा-बारा किलोमीटर आम्ही काहीच बोललो नाही.

मेहकरला जेवायला थांबलो. परत निघताना गाडी मागे घ्यायची होती आणि बाबांना रिव्हर्स सापडेना. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा, त्यामुळे जमिनीतून वर आलेला गिअरच मुळात त्यांना नवा होता. त्यांनी ओढून पाहिला, दाबून पाहिला, उजवीकडे खाली, डावीकडे वर, सगळे करून झाले, आणि दर वेळी गाडी पुढच्या भिंतीकडे वीतभर सरकली. हॉटेलातली दोन पोरे गाडी ढकलायला पुढे आली. बाबा त्यांना म्हणाले, "थांबा बेटा, ढकलू नका, पुस्तक आहे." त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचे पुस्तक काढले, चष्मा लावला आणि अनुक्रमणिकेपासून वाचायला सुरुवात केली. गिअरच्या मुठीखाली एक कडे असते. दोन बोटांनी ते वर उचलून धरायचे आणि मग गिअर डावीकडे घेऊन पुढे सारायचा, म्हणजे रिव्हर्स पडतो. कडे वर गेल्याशिवाय तिकडे वाटच नसते, त्यामुळे पहिला टाकताना चुकून रिव्हर्स पडण्याचा संभव राहत नाही. बाबांनी ते तीनदा करून पाहिले. प्रत्येक वेळी कडे वर जाताना बोटांना एक बारीक अडथळा लागे आणि मग गिअर आपसूक जागेवर बसे. "विचार करून ठेवलं आहे रे यांनी," एवढेच ते म्हणाले. जर्मन गाड्यांविषयी पुढे मी पुष्कळ वाचले, पण या वाक्याच्या पलीकडचे असे फार काही त्यात सापडले नाही.

त्या गाडीचे माझ्या हातून नुकसान झाले, तेही इथेच लिहितो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी मी कित्येक महिने घरामागच्या बोअरवेलचे पाणी भरत होतो. कूलंटला सगळीकडे अँटीफ्रीझही म्हणतात, आणि जिथे बर्फ पडत नाही तिथे त्याचे काय काम, असा माझा समज होता. नागपुरात आजही अनेकांचा तोच समज आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते तसेच उत्कलनबिंदू वरही नेते, आणि त्यातली इतर रसायने आतल्या धातूला गंजू देत नाहीत. बोअरवेलच्या जड पाण्याने बादलीच्या काठाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि त्या अरुंद होत जातात. ज्या गावात पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे कूलंटची गरज थंड देशांपेक्षा कमी नाही.

२००७ च्या मे महिन्यात अमरावतीहून परतताना कोंढाळीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. पुढे झाड दिसत होते. सावलीत थांबू म्हणून मी तशीच दीड-दोन किलोमीटर रेटली, आणि तेवढ्यात इंजिनाच्या हेडने, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाने, बाक घेतला. ओपेल हे नाव भारतातून आदल्याच वर्षी बंद झाले होते. हेड गॅस्केट दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवावे लागले आणि ते यायला अकरा दिवस गेले. बाबा मला एका शब्दाने रागावले नाहीत. गाडीच्या कामांची नोंद ठेवण्याची त्यांची एक वही होती. तिच्यात त्यांनी तारीख, किलोमीटर, खर्च आणि पुढे "पाणी" असा एकच शब्द लिहिला. ती वही माझ्याकडे आहे.

आमच्यातला एक मित्र चार वर्षांपूर्वी मुंबईहून १९८२ ची मर्सिडीज २४० डी घेऊन आला. ही डब्ल्यू१२३ मालिकेतली गाडी. १९७६ ते १९८६ या काळात या मालिकेच्या सुमारे सत्तावीस लाख गाड्या बनल्या आणि जगभर टॅक्सी म्हणून त्या अफाट चालल्या. ती नागपुरात आली तेव्हा हात लावायला कुणी तयार नव्हते. एक दिवस तर किल्ली फिरवून बाहेर काढली तरी इंजिन चालूच राहिले. या डिझेल इंजिनात किल्ली फिरवल्यावर व्हॅक्यूमच्या ओढीने इंधन बंद होते, आणि चाळीस वर्षांचे रबर चिरले की ती ओढ उरत नाही. मित्राने कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. ते आले, बॉनेट उघडायच्या आधीच थांबले, मान तिरपी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे तं आपल्या ट्रॅक्सचं इंजिन आहे ना भाऊ." मग बॉनेट उघडून त्यांनी एक छोटी पट्टी अंगठ्याने दाबली आणि इंजिन शांत झाले. त्या पट्टीवर इंग्रजीत "स्टॉप" असे कोरलेले होते.

मिस्त्रींचे म्हणणे शब्दशः खरे होते. २४० डी मधले ओएम६१६ हे इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने परवाना घेऊन भारतात बनवले आणि टेम्पो ट्रॅक्समध्ये बसवले. उमरेड, काटोल, भिवापूर या रस्त्यांवर वीस-वीस माणसे घेऊन धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या ट्रॅक्स आपण पाहिल्या आहेत, त्यांच्या पोटात स्टुटगार्टचे इंजिन होते. आणि "टेम्पो" हा शब्द तरी कुठला? हॅम्बर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या तीनचाकीचे ते नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी तिच्याशी करार करून बजाज टेम्पो उभी केली, आणि काही वर्षांतच ते नाव मराठीत सामान नेणाऱ्या कोणत्याही लहान गाडीला लागले. घर बदलताना आपण टेम्पो सांगतो तेव्हा एक जर्मन नाव घेत असतो, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. जर्मन गाडी ही श्रीमंतांची चैन, असे कुणी म्हणाले की मी त्यांना या मिस्त्रींची आठवण सांगतो. त्या मर्सिडीजसाठी सुटे भाग आज बऱ्याच वेळा ट्रॅक्सच्याच दुकानातून येतात.

धरमपेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तीत लहानपणी बसून घेतले आहे. बीटलचे इंजिन मागे असते, ते हवेने थंड होते, त्यात पाणीच नाही, म्हणजे माझ्यासारख्याची चूक तिथे होऊच शकत नव्हती. बाई सांगतात, पेट्रोल पंपावरचा मुलगा दर वेळी मागे जायचा, झाकण उघडायचा आणि इंजिन पाहून गोंधळून परत यायचा, कारण पेट्रोलची टाकी पुढच्या झाकणाखाली होती. त्यांची गाडी कधीच गेली, पण मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची बीटल बाहेर पडली, त्या दिवसाचे वर्तमानपत्राचे कात्रण त्यांनी जपून ठेवले आहे.

डब्ल्यू१२४ मर्सिडीज आमच्यात एकच आहे. जर्मनीत १९८४ साली आलेली ही गाडी १९९५ पासून पिंपरीत जुळवली जाऊ लागली. तिला पुढे एकच वायपर असतो, आणि तो फिरताना कोपऱ्याजवळ लांब होतो, मध्यावर आखडतो, पुन्हा लांब होतो, त्यामुळे काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसला जातो. मृगाच्या पहिल्या पावसात मालक मुद्दाम गल्लीतून चक्कर मारतात आणि मुले ते पाहायला ओट्यावर येतात.

ऑक्टेव्हियावाल्यांना जर्मन म्हणावे की नाही, हा वाद दर हिवाळ्यात होतो. श्कोडा ही म्लादा बोलेस्लावची, म्हणजे चेक कंपनी, हे खरे. पण १९९१ पासून ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली आहे, आणि आपल्याकडच्या पहिल्या ऑक्टेव्हियाचे १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल, इंजिन फोक्सवॅगनचेच होते. माझ्या मते इंजिन ज्या घरचे, ती गाडी त्या घरची सोयरी तरी नक्कीच. त्यांनी यावे, पोहेही खावेत.

माझी पोलो २०११ ची, १.२ टीडीआय, चाकणला बनलेली. तीन सिलिंडरांचे इंजिन थंडीत सुरू झाले की बाहेर उभ्या माणसाला ट्रॅक्टरची आठवण होते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ते जे खेचते, त्यासाठी मी तो आवाज आनंदाने ऐकतो. २०२२ साली पोलो भारतात बंद झाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. लोक विचारतात, आता तर तुमच्या गाडीची मजा असेल. मी १२० ची मर्यादा पाळतो, निघण्यापूर्वी थंड टायरांत हवा पाहतो आणि उन्हाळ्यात दुपारी त्या काँक्रीटवर जात नाही. सरळ रस्त्यावर कोणतीही धड गाडी चांगली वाटते. ही गाडी काय आहे ते परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कळते, जिथे प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हाताला रस्त्याची खबर देत राहते.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि सात वर्षे झाली, त्यांनी गाडी चालवलेली नाही. मागच्या जानेवारीत मी त्यांना फुटाळ्याला नेले होते. सगळे निघून गेल्यावर ते म्हणाले, जरा बसतो, आणि चालकाच्या बाजूने आत बसले. आरसा ठीक केला, क्लच दाबला, आणि त्यांची दोन बोटे गिअरच्या मुठीखाली जाऊन काहीतरी चाचपू लागली.

"बाबा, हिला कडं नाहीये," मी म्हणालो. "ही खाली दाबायची, मग डावीकडे पुढे."

त्यांनी मूठ खाली दाबली, डावीकडे नेली, पुढे सारली. रिव्हर्स पडला. त्यांनी गिअर बाहेर काढला आणि पुन्हा एकदा टाकून पाहिला.