किलोला किती?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे काम करणाऱ्या आमच्या गाळ्यात दिवसातून एकदा तरी असा फोन येतो की, नमस्कार होताच पलीकडून विचारले जाते, "साहेब, पॅनेल बॉक्स किलोला किती पडेल?" ड्रॉइंग पाठवलेले नसते, नग किती हवेत हे सांगितलेले नसते, विजेची उपकरणे ठेवायचा हा बॉक्स खोलीत बसणार की उघड्यावर याचाही पत्ता नसतो, परंतु मंडईत वांग्यांचा विचारावा तसा किलोचा भाव मात्र तत्काळ हवा असतो. कोटेशन काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मला अजून एका वाक्यात देता आलेले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

किलोचा हिशेब अगदीच निराधार आहे असे नाही. शेडचे खांब, छताच्या कैच्या, मोठे सांगाडे अशा जड कामात एकूण खर्चाचा बराच मोठा भाग पोलादाचाच असल्याने वजनावर भाव ठरवणे सोयीचे पडते आणि फारसे चुकतही नाही. पत्र्याचे वजन काढणेही सोपे असते. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, त्याला जाडीने गुणले की झाले. अडचण येते ती बॉक्स लहान होऊ लागला की. २०० बाय २०० बाय १०० मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा, तारा जोडण्याचा एक जंक्शन बॉक्स घ्या. त्याचा पत्रा अडीच किलोच्या आत बसतो. ८०० रुंद, ६०० खोल आणि २००० उंच अशा उभ्या पॅनेलचा केवळ बाहेरचा पत्राच ऐंशी किलोच्या वर जातो. आता दोन्हींच्या कामाकडे पाहा. दोन्हींचे ड्रॉइंग वाचून त्याचा उलगडा, म्हणजे घड्या घालण्यापूर्वीच्या सपाट पत्र्याचे माप, काढावा लागतो, दोन्हींचा लेसरचा प्रोग्रॅम करावा लागतो, दोन्हींच्या दारांना चारही बाजूंनी घडी घालावी लागते, दोन्हींना कुलूप, बिजागऱ्या, दाराच्या फटीत बसणारी रबरी पट्टी म्हणजे गॅस्केट आणि अर्थिंगची तार जोडायचा स्टड लागतो. काम तीसपटीने वाढलेले नसते, वजन मात्र वाढलेले असते. त्यामुळे लहान बॉक्सचा किलोचा भाव ऐकून ग्राहक दचकतो आणि मोठ्या पॅनेलचा ऐकून खूश होतो, तरी दोन्ही आकडे एकाच वहीतून, एकाच पद्धतीने काढलेले असतात.

पत्रा हा खर्चाचा सर्वांत मोठा घटक असतो, हे मात्र बहुतेक वेळा खरे असते. फक्त ग्राहकाने मोजायचा असतो तो बॉक्समध्ये गेलेला पत्रा नव्हे, तर त्या बॉक्ससाठी फोडलेला पत्रा. बाजारात थंड दाबाचा, म्हणजे सीआरसीए पत्रा सर्वसाधारणपणे २५०० बाय १२५० मिलिमीटरच्या मापात मिळतो. १.६ जाडीचा असा एक पत्रा ३९.२५ किलोचा असतो.

मध्यंतरी एका यंत्रनिर्मात्याकडून सहा पॅनेलचे ड्रॉइंग आले होते. दार ६०० रुंद आणि १२०० उंच. दाराला चहूबाजूंनी २० मिलिमीटरची कड आणि त्या कडेला आत वळवलेली १५ मिलिमीटरची पट्टी. उंचीच्या दिशेने हे सारे मिळवले तर १२७० होतात. वाकवताना पत्रा ताणला जात असल्याने चार घड्यांत मिळून सुमारे अकरा मिलिमीटर वजा होतात आणि सपाट पत्रा १२५९ लांबीचा लागतो. रुंदीच्या दिशेने त्याच हिशेबाने ६५९. आता हा १२५९ बाय ६५९ चा तुकडा वरील पत्र्यावर मांडून पाहावा. आडवा ठेवला तर १२५० च्या रुंदीत मावत नाही, नऊ मिलिमीटर बाहेर जातो. उभा ठेवला तर लांबीत एकच बसतो, कारण दोन ठेवायला २५१८ हवेत आणि हाती २५०० आहेत. रुंदीतही ६५९ चे दोन बसत नाहीत. म्हणजे एका अख्ख्या पत्र्यातून एक दार. एकोणचाळीस किलोंच्या पत्र्यातून साडेदहा किलोंचे दार निघते आणि उरलेल्या पत्र्यात दुसरे काही बसवता आले तर ठीक, नाहीतर तो भंगाराच्या भावाने जातो.

मी ग्राहकाच्या डिझाइनरला फोन करून विचारले, "दार ११८० चे केले तर तुमच्या आतल्या वस्तूंना काही अडचण येते का?" त्यांनी दोन तासांनी कळवले की, काहीही अडचण नाही, १२०० हा आकडा केवळ गोल दिसतो म्हणून लिहिला होता. वीस मिलिमीटर कमी होताच सपाट तुकडा १२३९ चा झाला, पत्र्याच्या रुंदीत आडवा बसला आणि लांबीत ६५९ चे तीन तुकडे ओळीने मांडता आले. सहा दारांना सहा पत्र्यांऐवजी दोन पत्रे पुरले. या एका फोनमुळे जेवढा खर्च वाचला, तेवढा खर्च पत्र्याच्या व्यापाऱ्याशी दिवसभर घासाघीस करूनही वाचला नसता. टनांच्या हिशेबाने माल उचलणाऱ्या मोठ्या कारखान्यांना कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, हव्या त्या मापाचे पत्रे कापून मिळतात, त्यांना ही चिंता फारशी नसते. सहा नगांच्या ऑर्डरला मात्र बाजारातले तयार मापच पाळावे लागते.

जाडीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दोन कोटेशनांत पाव हिश्शाचा फरक दिसला की मी ग्राहकाला आधी जाडी मोजायचा मायक्रोमीटर हाती घ्यायला सांगतो. १.६ ऐवजी १.२ चा पत्रा वापरला की वजन बरोबर २५ टक्क्यांनी घटते, रंग दिल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही आणि गाळ्यांत अजूनही "सोळा गेज", "अठरा गेज" याच भाषेत बोलले जात असल्याने कागदावर मिलिमीटर लिहिलेलेच नसतात. मग सहा महिन्यांनी दार दाबले की डब्यासारखे टक्क वाजते आणि त्यावर बसवलेले मीटर हलू लागतात. अर्थात उलट चूकही होते. सगळीकडे दोन मिलिमीटर लिहिणारे डिझाइनरही आहेत. प्रत्यक्षात उपकरणे बसवायची आतली माउंटिंग प्लेट जाड असावी, दाराला आतून आधारपट्टी असावी आणि बाजूचे पत्रे पातळ असले तरी चालते.

नगांची संख्या हा तर असा घटक आहे की, तो सांगितल्याशिवाय किंमत सांगणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. बेंडिंगच्या, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर वरचा पंच आणि खालची डाय बसवणे, मागचा थांबा लावणे, पहिला तुकडा वाकवून कोन तपासणे, एखादा अंश कमी-जास्त आला तर पुन्हा दाब बदलणे, यात ऑपरेटर कितीही हुशार असला तरी वेळ जातोच. ड्रॉइंग उलगडणे, प्रोग्रॅम आणि ही जुळवणी मिळून दोन तास लागले असे धरले, तर एकच नग करायचा असल्यास ते दोन्ही तास त्याच्याच डोक्यावर बसतात. पन्नास नग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. घरोघरी ज्याला कोणत्याही कंपनीचे असले तरी "गोदरेजचे कपाट" म्हणण्याची पद्धत आहे, ते कपाट तेवढ्या किमतीत का मिळते आणि त्याच मापाचे एकच कपाट वेगळ्या कप्प्यांचे करून मागितले की किंमत एवढी का वाढते, याचे कारण तेथेच आहे.

घड्यांचेही तसेच आहे. घडीच्या फार जवळ भोक असेल तर वाकवताना ते लांबट होते, म्हणून ते नंतर ड्रिलने पाडावे लागते. फार अरुंद कड असेल तर ती डायवर टेकतच नाही. ज्याने हे ड्रॉइंग काढले त्याने एकदा तरी बेंडिंगच्या यंत्राजवळ उभे राहावे, असे माझ्या मनात अनेकदा येऊन जाते. टॉलरन्सबाबतही, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाबाबतही, हेच म्हणता येईल. साध्या झाकणाच्या सर्व मापांना ०.१ मिलिमीटरची मर्यादा लिहिणे म्हणजे तपासणीसाठी एका माणसाचा पगार स्वतःहून मान्य करणे आहे.

धूळ आणि पाण्यापासून बॉक्स किती सुरक्षित हवा हे सांगणारा आयपी हा आकडा तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात फार सहज लिहिला जातो. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या पॅनेललाही "आयपी ६५" लिहून येते. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु आयपी ५५ आणि आयपी ६५ यांत पाण्याची कसोटी एकच आहे, फरक फक्त धुळीचा आहे, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. पाच म्हणजे थोडी धूळ गेली तरी आतल्या उपकरणांचे काम बिघडू नये आणि सहा म्हणजे धूळ मुळीच जाऊ नये. त्या "मुळीच"साठी कोपऱ्यांवर तुटक टाके न मारता सलग वेल्डिंग करावे लागते. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो, मग तो सरळ करणे, ग्राइंडिंग करणे आणि जरूर पडली तर खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणे आले. चिकटवायच्या रबरी पट्टीऐवजी दारावर सलग ओतलेले पॉलियुरेथेनचे गॅस्केट घ्यावे लागते आणि लांब दाराला एका कुलपाऐवजी वर-खाली अडकणारी सळई लागते. चाचणीचा दाखला हवा असेल तर नमुना बेंगळुरूच्या सीपीआरआयसारख्या किंवा वडोदऱ्याच्या एर्डासारख्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च वेगळा. एवढे करून ग्राहक त्याच पॅनेलला आतला मोटरचा वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह गरम होतो म्हणून बाजूला पंख्याचे भोक पाडतो, तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही.

रंगाच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. बारा पॅनेलांचा पत्रा घाई असल्याने बाहेरच्या एका जॉबवर्कवाल्याकडून कापून आणला होता आणि दर आमच्या नेहमीच्या ठिकाणापेक्षा कमी मिळाला म्हणून मला आनंदही झाला होता. त्याने ऑक्सिजनवर कापले होते. लेसरने ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ, काळसर थर राहतो. तो घासून काढला नाही तर पावडर कोटिंग, म्हणजे पावडर फवारून भट्टीत पक्का केलेला रंग, त्या थरावर बसते आणि पुढे थरासकट निघते. मी ते विचारलेच नव्हते. दोन महिन्यांनी ग्राहकाने फोटो पाठवला, तेव्हा दाराच्या कडेला नख लावले तर करड्या रंगाची पट्टी फितीसारखी सोलून येत होती. बाराही पॅनेल परत आणून, रंग काढून पुन्हा सर्व करावे लागले आणि त्या ऑर्डरमधून आम्हाला काही सुटले नाही. नायट्रोजनवर कापल्यास कड स्वच्छ, चांदीसारखी येते आणि तिचा दर अधिक का असतो, हे त्या दिवसापासून मला कोणाला विचारावे लागलेले नाही.

पावडर कोटिंगच्या आधी पत्रा तेल काढण्याच्या, गंज काढण्याच्या, फॉस्फेटच्या आणि मधल्या धुण्याच्या टाक्यांतून जातो. यालाच आमच्याकडे सेव्हन टँक म्हणतात. फडक्याने पुसून रंग मारणाऱ्याचा दर आणि या टाक्या चालवणाऱ्याचा दर सारखा असू शकत नाही. थर ६० ते ८० मायक्रॉनचा आणि भट्टी १८० ते २०० अंशांची, हे सर्वत्र सारखेच. छटेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. राल या रंगक्रमांकांच्या पद्धतीतले ७०३५ किंवा ७०३२ हे करडे रंग कोटिंगवाल्याकडे रोज चालू असतात, त्यामुळे त्यांत आपले चार नग सहज मिसळून जातात. कंपनीच्या बोधचिन्हाचा खास निळा हवा असेल तर पावडरीचा वीस-पंचवीस किलोंचा खोका आपल्यासाठी आणावा लागतो, फवारणीचा बूथ आणि पावडर भरायचा हॉपर धुवावे लागतात. एका मोठ्या पॅनेलला आतून-बाहेरून दोन किलोंच्या आसपास पावडर पुरते, म्हणजे पाच पॅनेलांनंतरही निम्मा खोका तसाच पडून राहतो आणि त्याचे पैसे कोणीतरी द्यायचेच असतात.

स्टेनलेस स्टीलबद्दल थोडक्यातच लिहितो. एसएस ३०४ या नेहमीच्या प्रकारात सुमारे आठ टक्के निकेल असल्याने त्याचा भाव निकेलच्या भावाबरोबर हलतो आणि जुने कोटेशन महिनाभरही टिकत नाही. रंगाचा खर्च वाचतो, पण टिग वेल्डिंग आणि बफिंग त्याची भरपाई करून घेतात. रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर बसणारा बॉक्स असेल तर ३०४ वरही खाऱ्या हवेने ठिपके पडतात, तेथे खाऱ्या हवेत अधिक टिकणारा ३१६ हा प्रकार घ्यावा असे मी स्वतःहून सुचवतो.

उधारीचा काळ हाही भावातच असतो. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. जो पर्चेस ऑफिसर नव्वद दिवसांची अट घालतो, त्याने वाढीव किमतीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

शेवटी राहिला तो टेम्पो. वर सांगितलेले उभे पॅनेल जवळजवळ एक घनमीटर जागा व्यापते आणि त्या जागेत मुख्यतः हवाच असते, त्यामुळे गाडी वजनाने भरण्याच्या कितीतरी आधी जागेने भरते. किलोचा भाव विचारणाऱ्या एका ग्राहकाने पॅकिंगचे पैसे वगळायला लावले होते. चाकणच्या रस्त्यावर दोन पॅनेल एकमेकांवर घासली आणि एका दाराला खोलवर ओरखडा पडला. ते एकच दार नव्याने कापून, वाकवून, टाक्यांतून काढून रंगवायचे होते. जुन्या खोक्यातली पावडर संपली होती आणि नव्या खोक्यातली छटा किंचित पिवळसर आली. शेजारची दारे जुळावीत म्हणून अखेर त्या ओळीतली चारही दारे पुन्हा रंगवावी लागली.