कोणता अली?

"पण कोणता अली?"

तासभर वाद रंगला होता. बॉक्सिंगमधला ऐन भरातला मुहम्मद अली विरुद्ध ऐन भरातला माइक टायसन, कोण जिंकेल? मी टायसनकडून. १९८८ साली मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवं केलं त्याने, त्याच्यापुढे कोण टिकणार? तेवढ्यात मित्राने हा प्रश्न टाकला आणि मी गप्प झालो.

१९६६ मध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली २४ वर्षांचा होता. काय ते पाय, काय तो वेग! पुढच्याच वर्षी त्याने सैन्यात जायला नकार दिला, जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला, आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत एकही लढत नाही. २५ ते २८. बॉक्सरच्या अंगात सगळं काही असतं ते हेच वय.

१९७४ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला हरवलं तो अली थोरच. पण तो दोरांना टेकून, ठोसे अंगावर घेत जिंकला. पूर्वीसारखे पाय नाचत नव्हते.

म्हणजे टायसनसमोर आपण ज्या अलीला उभं करतो, तो रिंगमध्ये कुणाला दिसलाच नाही. हे आजवर माझ्या लक्षात कसं आलं नाही?

ती साडेतीन वर्षं त्याला मिळाली असती तर? तुम्ही कोणता अली धरता?