मोडीच्या वर्गातला प्रश्न

"यात माझ्या आजीचं नाव कुठे आहे का हो?" आमच्या गावच्या इतिहास मंडळाच्या मोडी या जुन्या मराठी लिपीच्या उन्हाळी वर्गात आज आलेल्या एका आजींनी, देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला कागद सरांनी वाचून संपवल्यावर, एवढेच विचारले.

ते भातशेतीचे गहाणखत होते. आधी ओढलेल्या रेघेखाली बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली अक्षरे, घडीवर झिजून आरपार दिसू लागलेला कागद. सावकार, साक्षीदार, चतुःसीमा, सगळे होते. आजीचे नाव मात्र नव्हते.

इतिहास संशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले ते अशा कागदांच्याच ओढीने, आणि म्हणून हे वर्ग दर सुटीत भरायलाच हवेत. पण त्या आजींची आजी आम्ही कोणत्या कागदात शोधायची?